दूरदर्शनवरची शाळा आणि खोडीचा हक्क

मुलांसाठी दूरदर्शनवर आणि पुढे खाजगी वाहिन्यांवर शाळेच्या जीवनावर ज्या हलक्याफुलक्या मालिका आल्या, त्यांची दखल आपल्या समीक्षेने जवळजवळ घेतलेली नाही. दलित समीक्षेची शक्ती कविता, कथा, आत्मकथन आणि नाटक यांच्यासाठी खर्च झाली, आणि ते आवश्यकच होते. मुलांची मालिका म्हणजे घटकाभराची करमणूक, तिच्याकडे गंभीरपणे काय पाहायचे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज मला मान्य नाही. पडद्यावरची शाळा पाहताना मूल नकळत काही गोष्टी शिकत असते. शाळा कोणाची असते, वर्गात हसण्याचा अधिकार कोणाला असतो आणि कोणाकडे पाहून हसायचे असते, हे ते शिकते. हे शिक्षण पाठ्यपुस्तकापेक्षा खोल जाते. म्हणून या विनोदाची तपासणी झाली पाहिजे.

मी नांदगावचा. तालुक्यातल्याच एका माध्यमिक शाळेत मी अनेक वर्षे मराठी शिकवले. पाण्याची टंचाई, कांद्याचा बाजार, रेल्वे आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारी कुटुंबे हा आमचा परिसर. या परिसरात बसून मी या मालिका पाहिल्या, आणि माझ्या वर्गातल्या मुलांनीही त्या पाहिल्या. पुढचे विवेचन या अनुभवाच्या आधारावर आहे.

शालेय विनोदाचा पाया कोणता? माझ्या मते तो खोडी हा आहे. पृथ्वीच्या पाठीवर कोठेही जा, शाळेची विनोदी गोष्ट एकाच क्रमाने चालते. मुलगा खोडी करतो, पकडला जातो, त्याला शिक्षा होते आणि शेवटी त्याला क्षमा मिळते. पुढच्या भागात पाटी पुन्हा कोरी. मागच्या आठवड्यात त्याने काय केले याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. पाटी कोरी होणार याची प्रेक्षकाला खात्री असते, म्हणूनच तो निर्धास्तपणे हसू शकतो. प्रश्न असा आहे की, ही पाटी कोणाची कोरी होते?

'मालगुडी डेज'चे उदाहरण घेऊ. शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका १९८६ साली दूरदर्शनवर सुरू झाली. कर्नाटकातल्या आगुंबे गावात तिचे चित्रण झाले. स्वामीचे काम मास्टर मंजुनाथने केले आणि त्याच्या वडिलांचे गिरीश कर्नाड यांनी. त्या काळात ज्यांनी ही मालिका पाहिली, त्यांच्यापैकी पुष्कळांना आजही ती आपले बालपण वाटते. स्वामीच्या कथा आर. के. नारायण यांच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स' या १९३५ सालच्या कादंबरीतून घेतल्या आहेत. कादंबरी उत्तम आहे, यात शंका नाही. मुलाचे भय, त्याची लबाडी, मैत्रीतला मत्सर हे सारे नारायण यांनी अत्यंत सच्चेपणाने लिहिले आहे.

पण हा विनोद कशावर उभा आहे ते पाहा. वडील स्वामीला गणित घालतात. एकाजवळ दहा आंबे आहेत, त्याला त्यांचे पंधरा आणे करायचे आहेत, दुसऱ्याला चारच आंबे हवेत, तर त्याने किती पैसे द्यावेत? स्वामीला प्रश्न पडतो की आंबे पिकलेले आहेत की कच्चे. प्रसंग मोठा मजेचा आहे. परंतु हा विनोद किंमत ठाऊक नसण्याचा विनोद आहे. ज्या मुलाला आंबे विकावे लागत नाहीत, त्यालाच आंब्याच्या रंगाचा विचार करण्याची सवड असते. नांदगावच्या बाजारात आईशेजारी वाटा लावून बसणारा मुलगा हे गणित तोंडी सोडवील. आंबे पिकलेले आहेत की नाहीत हेही तो विचारील, पण ते भाव ठरवण्यासाठी. दोघे एकच प्रश्न विचारतात. एकाच्या प्रश्नाला भाबडेपणा म्हणतात, दुसऱ्याच्या प्रश्नाला व्यवहार. मालिकेत जागा आहे ती भाबडेपणाला.

आणखी एक प्रसंग. मिशन शाळेतले धर्मशिक्षणाचे मास्तर हिंदू देवांची टिंगल करतात. स्वामी त्यांना उलट प्रश्न विचारतो आणि मास्तर त्याचा कान पिळतात. दुसऱ्या दिवशी स्वामी वडिलांचे पत्र घेऊन हेडमास्तरांकडे जातो. वडील वकील आहेत, पत्र इंग्रजीत आहे. हेडमास्तर मास्तरांना समज देतात. पुढे स्वामी चळवळीच्या गर्दीत दगड मारून खिडक्यांच्या काचा फोडतो आणि मिशन शाळा सोडतो. तो बोर्ड हायस्कुलात जातो. तेथे हेडमास्तरांच्या हातातली छडी हिसकावून बाहेर फेकतो आणि पळून जातो. दोन शाळा सुटल्या तरी स्वामीचे काहीच सुटत नाही. घर जाग्यावर आहे, जेवण जाग्यावर आहे, वडिलांचे नाव जाग्यावर आहे. सारे गाव त्याला शोधायला निघते.

ही कादंबरी १९३५ ची. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला आमच्या शेजारच्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. मी नारायण यांच्यावर आरोप करीत नाही. त्यांनी आपल्या ठाऊक असलेल्या जगाविषयी लिहिले. पण हे एक जग साऱ्या देशाचे बालपण म्हणून १९८६ साली घरोघर पोहोचवले गेले. येवल्याच्या घोषणेपूर्वी आणि नंतर ज्यांची मुले शाळेच्या दारात उभी होती, त्यांचे बालपण त्यात कोठे आहे, असा प्रश्न दूरदर्शनला पडला नाही. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेतली स्वतःची आठवण लिहून ठेवली आहे. शिपाई आला नाही तर त्यांना पाणी मिळत नसे, कारण नळाला हात लावण्याची त्यांना परवानगी नव्हती. शिपायाची रजा म्हणजे मुलाची तहान. अशा शाळेत डबा पळवणे, पाणी उडवणे या खोड्या कोण करणार? सवर्ण मुलाने दुसऱ्याच्या डब्याला हात लावला तर ती गंमत होते. आमच्या मुलाने लावला तर तो बाटवाबाटवीचा गुन्हा होत असे.

खोडीची किंमत सर्वांना सारखी नसते. माझ्या विद्यार्थिदशेतली एक गोष्ट सांगतो. शाळेचे नाव देण्याचे कारण नाही, अशी शाळा कोणत्याही तालुक्याच्या गावी सापडेल. माझ्या वर्गातल्या दोघांनी मिळून मास्तरांच्या सायकलची हवा सोडली. दोघेही पकडले गेले. एक व्यापाऱ्याचा मुलगा होता. मास्तर हसून म्हणाले, खोडकर आहे लेकाचा. दुसरा कांद्याच्या बाजारातल्या हमालाचा, आमच्या वस्तीतला. त्याला हुकूम झाला, बापाला घेऊन ये, तोवर वर्गात बसायचे नाही. बाप तिसऱ्या दिवशी आला. त्या दिवसाची हमाली बुडाली. टोपी हातात धरून तो मधल्या सुटीपर्यंत वर्गाबाहेर उभा राहिला. मास्तर काही वाईट बोलले नाहीत. "नीट वागायला सांगा" इतकेच म्हणाले. दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत दिसला नाही. तो बाजारात गोण्या शिवायला लागला होता.

या गोष्टीत कोणी खलनायक नाही. मारहाण नाही, शिवी नाही. सायकल एक, हवा एक, खोडी एक, पण एकाला खोडकर हे विशेषण मिळाले आणि दुसऱ्याला बापाची बुडालेली हमाली. १९३८ साली आमच्याच तालुक्यातल्या मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले होते. त्या वर्गाच्या दारात हे दोन्ही शत्रू एकत्र उभे होते. एकाने मुलाकडे पाहण्याची दृष्टी दिली होती, दुसऱ्याने बापाच्या दिवसाची किंमत ठरवली होती. वकिलाचे एक इंग्रजी पत्र जे काम करते, ते हमालाचा अख्खा दिवस करू शकत नाही.

मराठी मालिकेकडे वळू. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरून राजदत्त यांनी केलेली 'गोट्या' ही मालिका १९९० साली दूरदर्शनवर आली आणि फार लोकप्रिय झाली. जॉय घाणेकर या मुलाने गोट्याचे काम केले. गोट्या अनाथ आहे. मध्यमवर्गीय घरात त्याला आश्रय मिळतो आणि आपल्या हुशारीने, चांगुलपणाने तो घरातलाच होतो. येथे गरीब मुलगा नायक झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याला नायकपद मिळाले ते कोणत्या अटीवर? त्याला आईबाप नाहीत, वस्ती नाही, भाऊबंद नाहीत. त्याच्यामागून टोपी हातात घेऊन दाराशी येणारे कोणी नाही. दुसऱ्याच्या घरात राहायचे म्हणून त्याला सदैव गुणी राहावे लागते. त्याची खोडीसुद्धा अखेर कोणाच्या तरी उपयोगी पडते. आश्रित मुलाला निरुपयोगी खोडी परवडत नाही. सवर्ण मनाला गरीब मूल आवडते ते एकटे आणि गुणी असेल तर. ते आपल्या साऱ्या माणसांसह, आपल्या भाषेसह आले तर पंचाईत होते.

१९९८ साली झी टी.व्ही.वर 'हिप हिप हुर्रे' आली. बारावीतल्या मुलामुलींची ही हिंदी मालिका शहरी, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घडते. मुलांच्या मनातले ताण तिने त्या काळी मोकळेपणाने दाखवले. माझ्या वर्गातली मुले ती पाहत. शाळेत असेही प्रश्न असतात याचे त्यांना नवल वाटे. कोणी कोणाशी बोलायचे, वाढदिवसाला कोणाला बोलवायचे, हे तिथले प्रश्न. त्या शाळेत कोणाचा जातीचा दाखला तहसील कचेरीत अडकल्याचे मला आठवत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला वर्गातून नावे पुकारून मुलांना उठवल्याचेही आठवत नाही. आमच्याकडे जून-जुलैत दरवर्षी हा कार्यक्रम होतो. "ज्यांचे फॉर्म भरायचे आहेत त्यांनी उभे राहा," असे म्हटले की अर्धा वर्ग उभा राहतो आणि उरलेला बसून पाहतो. एका वाक्यात वर्गाचे दोन तुकडे होतात. यात नाट्य आहे, आणि विनोदही पुष्कळ आहे. पण तो लिहिणारा त्या उभ्या राहिलेल्यांपैकी असला पाहिजे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, मुलांच्या निर्मळ हसण्यात जात कशाला आणता? जात मी आणलेली नाही, ती हजेरीपटावर आधीपासून आहे. दुसरा आक्षेप आपल्यातलेच लोक घेतील. आपल्या साहित्यात शाळा ही जखम आहे, तिचा विनोद केला तर दाहकता कमी होईल, असे ते म्हणतील. हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

उत्तर आपल्याच पुस्तकांत आहे. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) जमातीतल्या मुलांना जुलाब-उलट्या होतात, तेव्हा लेखक शाळेत जाऊ लागल्यामुळेच हे झाले असे लोक ठरवतात. हा प्रसंग भयानक आहे, आणि त्याच वेळी हास्यास्पद आहे. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) शेण काढायला नकार दिल्यावरून मास्तर मुलीच्या गालात मारतात. रस्त्याकडेला बसून टोपल्या विणणारी आई त्या मास्तरांना वाटेतच थांबवते आणि जाब विचारते. स्वामीच्या वडिलांचे पत्र, हमालाची हातातली टोपी आणि या आईचा भररस्त्यातला जाब, ही तीन पालकांची तीन रूपे शेजारी ठेवून पाहावीत. आईच्या या प्रसंगात मास्तरांची फजिती आहे, आणि फजिती हाच विनोदाचा जुना कच्चा माल. पण येथे फजिती मुलाची होत नाही, सत्तेची होते. दाहकता कमी झाली का? मला तर ती वाढलेली दिसते.

हसण्याच्या दोन बाजू असतात, हे नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने (२०१३) स्पष्ट केले. जब्या डुकरामागे धावतो आणि शाळेतली मुले, त्याला आवडणारी शालूसुद्धा, हसत उभी असतात. त्या हसण्याला जब्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकावर येतो. चित्रपट तेथे थांबतो. दगड आवश्यक होता. पण जब्याला स्वतःला कधी हसता येईल का, हा प्रश्न त्या दगडानंतर उरतो.

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतल्या काळ्या कलावंताने दिले आहे. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव घेतले. निग्रो वाङ्मयाशी आपण तेव्हापासून नाते सांगतो, पण त्यांच्या विनोदाकडे आपण फारसे पाहिलेले नाही. ख्रिस रॉक या विनोदी कलावंताच्या बालपणावर आधारलेली 'एव्हरीबडी हेट्स ख्रिस' ही मालिका २००५ ते २००९ या काळात चालली. १९८० च्या दशकातला ब्रुकलिनचा हा मुलगा दूरच्या गोऱ्या वस्तीतल्या शाळेत जातो. तेथे तो एकटा काळा. रोज मार खातो, रोज तोंडाने उत्तर देतो. त्याचा बाप दोन नोकऱ्या करतो आणि त्याला घरातल्या प्रत्येक वस्तूची किंमत तोंडपाठ आहे. टेबलावर दूध सांडले की किती सेंटचे सांडले हे तो तेथल्या तेथे सांगतो. झोपताना घड्याळ बंद करायला लावतो, झोपेत वेळ कोणाला पाहायची असते म्हणून.

स्वामीचा विनोद किंमत ठाऊक नसण्याचा आहे, ख्रिसचा किंमत ठाऊक असण्याचा. येथे खोडी फुकट नाही, तिचा हिशेब होतो, आणि हिशेबातूनच हसू येते. मालिकेतली एक शिक्षिका तर आपल्या पुरोगामी मंडळींनी अवश्य पाहावी. ती ख्रिसवर फार दया करते. काळा मुलगा आहे म्हणजे घर मोडलेले असणार, बाप पळालेला असणार, असे ती गृहीत धरते आणि गोड आवाजात बोलते. प्रत्यक्षात बाप घरी आहे आणि दुधाचे सेंट मोजतो आहे. दया करणाऱ्याचे अज्ञान इतक्या नेमकेपणाने उघडे करणे रागावलेल्या भाषणाला जमले नसते.

आता आपल्याकडचा हिशेब मांडा. पहिली ते चौथीत शिकणाऱ्या, दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींसाठी महाराष्ट्र शासनाने १९९२ साली उपस्थिती भत्ता सुरू केला. हजेरीच्या दिवसाला एक रुपया. म्हणजे आमच्या वस्तीतल्या मुलीने एक दिवस शाळेला दांडी मारून बोरे पाडायला जायचे ठरवले, तर त्या खोडीची किंमत सरकारने ठरवून दिलेली आहे. घरी आई ती बोटावर मोजून दाखवील आणि मुलगी आणलेल्या बोरांचा भाव सांगून उलट हिशेब मांडील. हा प्रसंग लिहायला कोणत्या परदेशी मालिकेची गरज आहे? ऊसतोडीवरून चैत्रात परतलेला मुलगा वर्गात येतो आणि त्याने न शिकलेल्या पाच महिन्यांची परीक्षा देतो. त्याच्या पेपरातल्या उत्तरांत जितके दुःख आहे तितकाच खट्याळपणा आहे. असे पेपर मी तपासले आहेत.

आणि ही परंपरा आपल्याला नवी नाही. महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. जोशाने नाडलेले कुणबी जोडपे त्यात अखेर जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत जायला निघते, आणि सबंध नाटकभर विदूषक जोशाची पिसे काढत असतो. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि शंभराहून अधिक वर्षे ते छापले गेले नाही. शाळा आणि विनोद यांची सांगड आधुनिक मराठीत प्रथम घातली गेली ती येथे, आणि त्या विनोदाचा रोख शिकू पाहणाऱ्यांवर नव्हता, शिकू न देणाऱ्यांवर होता. पुढे आपल्या नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे जलसाकार गावोगाव हसवत हसवत शाळेचे महत्त्व सांगत फिरले. हा वारसा सोडून हसण्याचे क्षेत्र आपण दुसऱ्यांना का द्यावे?

वर्गात आपल्या मुलांसाठी आजवर दोनच जागा ठेवलेल्या होत्या. एक अत्यंत हुशार मुलाची, ज्याचे कौतुक करता येते. दुसरी बिचाऱ्या मुलाची, ज्याची कीव करता येते. मधल्या बाकांवर बसणारा सामान्य मुलगा, जो अभ्यास टाळतो, मास्तरांची नक्कल करतो, मैत्रिणीसाठी खोटे बोलतो, त्याला जागा नव्हती. समतेचा अर्थ गुणवंतांना बक्षीस एवढाच घेतला तर ती अपुरी समता होय. सामान्य असण्याचा, चुकण्याचा, खोडी करून दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर येऊन बसण्याचा हक्कही तिच्यात आला पाहिजे.

म्हणून आपल्या लेखकांकडे माझे मागणे आहे. जिल्हा परिषदेची किंवा तालुक्याच्या गावातली एखादी शाळा घ्या. शिष्यवृत्तीचे फॉर्म, दाखले, टँकरची वेळ, खिचडीची रांग, वसतिगृहाचा वॉर्डन हे सारे तिच्यात येऊ द्या. मुलांना त्यांच्या घरची भाषा बोलू द्या. वाहिन्या ती घेतील की नाही याची चिंता करू नका. आमच्या मुलांच्या हातात आता मोबाइल आहे आणि चार मिनिटांचा प्रवेश बसवायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. एक अट मात्र पाळा. पहिल्या भागात मुलाने मास्तरांच्या सायकलची हवा सोडली, तर दुसऱ्या भागात तो वर्गात असला पाहिजे. बापाची हमाली बुडो, हिशेब होवो, आई भररस्त्यात भांडो, काहीही होवो. हजेरीला त्याचे नाव पुकारले जाईल तेव्हा त्याने स्वतः उठून "हजर" म्हटले पाहिजे.